८७ पट लहान घाट

जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यात, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरांतून ऑफेनबुर्ग ते झिंगेन असा एक रेल्वेमार्ग जातो. रोबेर्ट गेर्विग या अभियंत्याने आखलेला हा मार्ग १८७३ मध्ये पूर्ण झाला. त्यातल्या होर्नबेर्ग आणि सांक्ट गेओर्गेन या दोन गावांमधलं सरळ अंतर ११ किलोमीटर, पण रूळ मात्र २६ किलोमीटर लांब. या टप्प्यात गाडीला ४४८ मीटर वर चढायचं असतं, आणि वाफेच्या इंजिनाला झेपेल असा चढ म्हणजे ५० मीटरला १ मीटर. मग उरलेली उंची मिळवायची तर रस्ता लांबवायलाच हवा. गेर्विगने ट्रीबेर्गच्या परिसरात डोंगराच्या अंगावर रुळांचे दुहेरी वळसे टाकले आणि जिथे डोंगराची सोंड आडवी आली तिथे बोगदे खणले. संपूर्ण मार्गावर असे ३९ बोगदे आहेत.

त्याच्या दहा वर्षं आधी, १८६३ मध्ये, आपल्याकडे बोर घाट खुला झाला होता. तिथे चढ ३७ला १ इतका तीव्र होता आणि खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडीची दिशाच उलटी करावी लागे. गेर्विगच्या घाटात गाडीला कुठेही थांबून उलटं फिरावं लागत नाही. वळशांची ही युक्ती जगभरच्या मॉडेल रेल्वेवाल्यांना मोहात पाडते, याचं कारण उघड आहे. गाडी एका बोगद्यात शिरते आणि थोड्या वेळाने वरच्या अंगाला, उलट दिशेने तोंड करून बाहेर येते. दिवाणखान्यातल्या टेबलावर रेल्वे उभारणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

फक्त हिशेब करून पाहावा. मॉडेल रेल्वेत सर्वाधिक चालणारं प्रमाण म्हणजे एच-शून्य, १:८७. ग्योप्पिंगेनच्या मेर्कलिन कंपनीने १९३५ मध्ये याच मापाची छोटी विजेची रेल्वे बाजारात आणली. १४३५ मिलिमीटरच्या खऱ्या गेजला ८७ने भागलं की १६.५ मिलिमीटर येतात. त्याच न्यायाने गेर्विगचा २६ किलोमीटरचा टप्पा ३०० मीटर भरतो आणि चढ पाच मीटरहून अधिक. म्हणजे रूळ गल्लीच्या टोकापर्यंत जाणार आणि शेवटचं स्टेशन दुसऱ्या मजल्यावर. खरा घाट जसाच्या तसा घरात मावत नाही. मग काय ठेवायचं, काय गाळायचं आणि गाळलेलं कशाने भरून काढायचं, यातच या छंदाची सगळी बुद्धी खर्ची पडते.

पहिला निर्णय मात्र जागेचा नसून काळाचा असतो. जर्मन मॉडेल रेल्वेत इतिहासाचे क्रमांक लावलेले कालखंड ठरलेले आहेत आणि उत्पादक प्रत्येक डब्याच्या खोक्यावर तो क्रमांक छापतात. तिसरा कालखंड म्हणजे महायुद्धानंतरची, पूर्व आणि पश्चिम अशी दुभंगलेली रेल्वे. चौथ्यात संगणकाला समजणारे नवे क्रमांक आले. पश्चिम जर्मनीत १९६८ मध्ये इंजिनांची नावं बदलली आणि लाल रंगाचं ‘व्ही २००’ डिझेल ‘२२०’ झालं. ब्लॅक फॉरेस्टच्या घाटात ही डिझेल इंजिनं वर्षानुवर्षं धावली, १९७० च्या दशकात इथे विजेच्या तारा आल्या. त्यामुळे ‘व्ही २००’ अशी पाटी लावलेलं इंजिन आणि डोक्यावर विजेची तार हे दृश्य ट्रीबेर्गला कधीच नव्हतं. मोटारींचे नमुने, फलाटावरच्या जाहिराती, सिग्नलचा प्रकार या सगळ्या गोष्टी या एका निर्णयातून ठरत जातात.

मग रूळ. खऱ्या मुख्य मार्गावर ३०० मीटर त्रिज्येचं वळणसुद्धा तीव्र समजलं जातं. ८७ने भागलं तर ते साडेतीन मीटरचं होतं, आणि मुलांच्या खेळण्याच्या संचात येणारं वळण असतं ३६ सेंटिमीटरचं. खऱ्या जगात हे वळण ३१ मीटर त्रिज्येचं ठरेल, त्यावरून एक्स्प्रेसचा डबा जाऊच शकणार नाही. २६.४ मीटरचा खरा प्रवासी डबा मॉडेलात ३० सेंटिमीटरचा होतो. इतक्या आवळ वळणावर त्याची टोकं रुळाच्या बाहेर लोंबतात आणि मधला भाग आत ओढला जातो. म्हणून जाणकार लोक आवळ वळणं डोंगराखाली लपवतात आणि डोळ्यांसमोर येणाऱ्या भागात त्रिज्या मिळेल तेवढी मोठी ठेवतात.

सांध्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. जर्मन रेल्वेचा एक प्रचलित सांधा १:९ या प्रमाणात फुटतो, म्हणजे मुख्य रुळापासून सहा अंशांहून थोडा जास्त. मेर्कलिनच्या नेहमीच्या संचातला सांधा २४ अंशांनी फुटतो. स्टेशनात शिरणारी गाडी पहिल्या सांध्यावर सळसळत सरकते, दुसऱ्यावर झटका खाऊन वळते. १:९चा सांधा मॉडेलात ३१ सेंटिमीटर जागा खातो. ही जागा देण्याजोगी आहे. एखादा फलाट कमी करावा, पण स्टेशनच्या तोंडाचे सांधे लांब ठेवावेत. रुळाच्या उंचीचंही तसंच. दुय्यम मार्गांवरचा जुना जर्मन रूळ १४९ मिलिमीटर उंच असे, मॉडेलात तो जेमतेम १.७ मिलिमीटर यायला हवा. बाजारातला स्वस्त रूळ अडीच मिलिमीटरचा असतो, खऱ्या जगात तो २२ सेंटिमीटर उंच भरेल. कडेने गंजाचा तपकिरी रंग दिला आणि खडी स्लीपरच्या वरच्या कडेपर्यंत भरली की हा दोष बराचसा झाकला जातो. खडी बसवताना पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकतात. त्याने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि गोंद खडीवर मण्यासारखा बसून न राहता आत झिरपतो.

डोंगराच्या पोटात काय असतं ते पाहुण्यांना सहसा दाखवत नाहीत, पण खरं यंत्र तिथेच आहे. वेगवेगळ्या उंचीवरचे मजले जोडण्यासाठी रुळांचा गोल जिना करतात. ५० सेंटिमीटर त्रिज्येचा एक फेरा म्हणजे ३.१४ मीटर रूळ. खालच्या गाडीचं टप आणि वरची फळी यांचा विचार करता एका फेऱ्यात सुमारे ९ सेंटिमीटर वर जावंच लागतं. चढ झाला जवळजवळ ३ टक्के, म्हणजे गेर्विगच्या घाटापेक्षा दीडपट तीव्र, आणि तोही अखंड वळणावर, जिथे चाकांच्या कडा रुळाला घासत राहतात. २ टक्के राखायचे तर त्रिज्या ७० सेंटिमीटरच्या पुढे न्यावी लागते. इथे कंजुषी केली तर आठ डब्यांची गाडी मधल्या फेऱ्यात अडकते आणि तिथे हात पोचत नाही.

इंजिनाच्या वजनाचं शास्त्रही इथेच कळतं. लांबी ८७ पट घटली की आकारमान ८७ गुणिले ८७ गुणिले ८७ इतक्या पटीने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटीने घटतं. ८० टनांचं ‘व्ही २००’ काटेकोर मापात १२० ग्रॅमचं होईल. एवढं हलकं इंजिन चढावर नुसती चाकं फिरवत बसेल. म्हणून उत्पादक त्याच्या पोटात धातूचा ठोकळा भरतात आणि वजन कित्येक पट वाढवतात. जडत्वाचाही प्रश्न येतो. खरी गाडी वीज किंवा वाफ बंद केल्यावरही किलोमीटरभर धावत जाते, मॉडेल मात्र जागच्या जागी थबकतं. मोटरच्या दांड्यावर पितळेचं छोटं फ्लायव्हील बसवून आणि इंजिनातल्या इलेक्ट्रॉनिक चिपला वेग हळूहळू कमी-जास्त करायला शिकवून हे जडत्व उसनं आणतात.

ती चिप हुकूम ऐकते कसा? एका प्रचलित डिजिटल पद्धतीत रुळांतून एकाच वेळी वीज आणि संदेश दोन्ही जातात. रुळांची ध्रुवता सतत उलटसुलट होत राहते. अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘१’, १०० किंवा त्याहून लांब असेल तर ‘०’. प्रत्येक इंजिनाला आपला पत्ता असतो आणि ते तेवढाच संदेश उचलतं. याच रुळांवरून कुठे गाडी उभी आहे हेही कळतं. रुळाचा एक तुकडा वेगळा केला की त्यात इंजिन किंवा दिवे लावलेला डबा शिरताच थोडा विद्युतप्रवाह वाहू लागतो आणि संगणकाला खबर मिळते.

या खबरेवर सिग्नल चालतात, आणि जर्मन मॉडेल रेल्वेचा खरा कस सिग्नलमध्ये लागतो. जुन्या पश्चिम जर्मन स्टेशनवर मुख्य सिग्नलला एक किंवा दोन हात असत. वरचा हात आडवा म्हणजे थांबा. वरचा हात तिरका वर उचलला म्हणजे जा. दोन्ही हात वर म्हणजे जा, पण सावकाश, सहसा ताशी ४० किलोमीटरने, कारण पुढे सांधा वळता लागलेला आहे. रात्री याचेच लाल, हिरवा आणि हिरव्याखाली पिवळा असे दिवे होतात. सिग्नल आणि सांधा यांचं हे नातं फार महत्त्वाचं. बाजूच्या फलाटावर गाडी घ्यायची असताना एकच हात उचललेला दिसला, तर जर्मन रेल्वे जाणणाऱ्याला ती चूक दारातूनच खुपते. खऱ्या सिग्नल केबिनमध्ये लोखंडी पट्ट्या आणि कुलपं अशी चूक होऊच देत नसत. सांधे योग्य बाजूला बसून अडकल्याशिवाय सिग्नलचा खटका हलत नसे. मॉडेलात हीच अट संगणकाच्या आज्ञावलीत लिहावी लागते आणि ती लिहिताना माणूस रेल्वेची सुरक्षा खऱ्या अर्थाने शिकतो.

हात हलण्याची तऱ्हाही जपावी लागते. खरा हात तारेच्या ओढीने उठतो, वर पोचल्यावर अडणीला आपटतो आणि एक-दोनदा थरथरून स्थिर होतो. विद्युतचुंबकाने चालणारा स्वस्त सिग्नल खट्‌कन उडी मारतो. छोटी सर्वो मोटर लावून तो थरथरणारा शेवट आज्ञावलीत बसवता येतो. खांबापासून केबिनपर्यंत जाणाऱ्या जोडतारा आणि त्यांच्या बुटक्या खुंट्याही रुळाकडेला दाखवतात. या तारा नसतील तर तो हात कोण उचलतं, याचं उत्तर दृश्यात कुठेच नसतं.

अडचण येते ती पूर्वसूचना देणाऱ्या सिग्नलची. मुख्य सिग्नल दिसल्यावर ब्रेक लावून भागत नाही, म्हणून त्याच्या खूप आधी एक पिवळी गोल चकती उभी असते. ती समोर ताठ दिसली म्हणजे पुढे थांबायची तयारी ठेवा, आडवी झोपली म्हणजे बिनधास्त या. मुख्य मार्गावर हे अंतर १००० मीटर, कमी वेगाच्या मार्गांवर ७०० किंवा ४०० मीटर. त्याच्याही आधी, २५०, १७५ आणि १०० मीटरवर, तीन, दोन आणि एक तिरपी रेघ असलेल्या पाट्या चालकाला सावध करतात. हे १००० मीटर मॉडेलात साडेअकरा मीटर होतात. इतकी लांब खोली कुणाकडे असते?

यावर सर्वांत वाईट उपाय म्हणजे चकती मुख्य सिग्नलच्या शेजारी, हातभर अंतरावर रोवणं. त्यापेक्षा ती गाळलेली बरी. गाडी बोगद्यातून बाहेर येताच स्टेशन लागत असेल, तर चकती बोगद्याच्या पलीकडे, न दिसणाऱ्या भागात आहे असं धरता येतं, आणि खऱ्या घाटातही असं घडतंच. उलट, पुढच्या स्टेशनची चकती आपल्या स्टेशनाबाहेर, गाडी बोगद्यात शिरण्याआधी एकटीच उभी करावी. तिचा मुख्य सिग्नल दृश्यात नसतोच, पण डोंगरापलीकडे रेल्वे आहे याची साक्ष ती एकटी देते. दिव्यांच्या सिग्नलात आणखी एक सोय आहे. ब्रेकचं अंतर ठरल्यापेक्षा बरंच कमी असेल तर खऱ्या जर्मन रेल्वेतच पूर्वसूचनेच्या सिग्नलवर जादा पांढरा दिवा लावतात. मॉडेलात तो लावला की आखूड अंतराला नियमाचाच आधार मिळतो.

देखाव्याकडे बहुतेक लोक आधी वळतात, पण रूळ आणि सिग्नल ठरल्यावर तो सोपा होतो. ट्रीबेर्गचा खडक ग्रॅनाइटचा, करडा आणि किंचित लालसर. तिथे पांढरा चुनखडक दाखवला तर गाडी दुसऱ्याच डोंगरात गेली. ३० मीटरचा स्प्रूस वृक्ष मापाने ३४ सेंटिमीटरचा होतो आणि सिग्नल, स्टेशन सगळ्यांना खाऊन टाकतो. म्हणून झाडं निम्म्या उंचीची घेतात आणि मागे जाताना आणखी लहान, आणखी निळसर करत नेतात. गवत उभं करायची रीत पाहण्यासारखी आहे. हातातल्या जाळीच्या डबीत काही मिलिमीटर लांबीचे नायलॉनचे तंतू असतात, जाळीला हजारो व्होल्टचा पण अगदी क्षीण प्रवाहाचा दाब दिलेला असतो आणि दुसरी तार ओल्या गोंदात रोवलेल्या खिळ्याला जोडलेली असते. तंतू भारित होतात, एकमेकांना दूर ढकलतात, विद्युतक्षेत्राच्या रेषांनुसार उभे होऊन गोंदात रुततात. सहा मिलिमीटरचा तंतू म्हणजे ५० सेंटिमीटरहून उंच, कापणीला आलेलं कुरण. दोन मिलिमीटरचा म्हणजे नुकतंच कापलेलं. शेजारची दोन कुरणं अशी वेगवेगळी ठेवली की हंगाम आपोआप ठरतो. उतारावरची मोठी शेतघरं, त्यांची जमिनीजवळ उतरलेली छपरं आणि चढाच्या बाजूने थेट माळ्यावर जाणारी गवताची वाट, यांचे संच विकणारी फालर कंपनीही ब्लॅक फॉरेस्टमधल्याच ग्युटेनबाख गावची, १९४६ सालची.

गाळलेलं अंतर शेवटी भरून काढतं ते घड्याळ. ताशी ७० किलोमीटरची गाडी मॉडेलात सेकंदाला २२ सेंटिमीटर सरकते. दोन स्टेशनांमधला सहा मीटरचा दिसणारा रूळ ती अर्ध्या मिनिटात संपवते. म्हणून बोगद्यात शिरलेली गाडी डोंगराखालच्या लपलेल्या यार्डात थांबवून ठेवतात, आणि तेवढ्या वेळात वरून उतरणारी मालगाडी सोडतात. किती वेळ थांबवायचं, हे प्रत्येकाला आपल्या मांडणीवर पाहून ठरवावं लागतं. एक मिनिट फार थोडं वाटतं, पाच मिनिटांत पाहुणे उठून जातात. दोन-तीन मिनिटांनी दोन्ही हात वर उचलले गेले, की बाजूच्या फलाटावर घेतलेली ती गाडी होर्नबेर्गहून आली आहे, हे कुणाला सांगावं लागत नाही.