राउटरमधली रिकामी पट्टी

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणं अलिबागला हलवली गेली. 1904 मध्ये तिथे वेधशाळा सुरू झाली, ती मुळात विजेच्या गोंगाटापासून लांब पळण्यासाठी. राउटरच्या सर्किट बोर्डावरही हेच करावं लागतं, फक्त मिलिमीटरमध्ये.

लॅन केबलच्या सॉकेटमागे चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. केबल आणि चिप यांना ते अलग ठेवतात. साधारण 1500 व्होल्टपर्यंत. तिथून तांब्याच्या रेघा जोडीने निघतात, गिगाबिटला चार जोड्या. जोडीतल्या दोन्ही सारख्या लांबीच्या हव्यात. एक लांबली, की दोघींवर सारखाच पडलेला गोंगाट शेवटी नीट वजा होत नाही.

आणि ट्रान्सफॉर्मरखाली? काहीच नको. ना दुसरी रेघ, ना ग्राउंडचं तांबं. नवख्या डिझायनरला ही जागा वाया गेलीशी वाटते. तो तिथून एक रेघ ओढतो आणि केबलवरून आलेल्या झटक्याला आयती वाट मिळते. मुरूड-श्रीवर्धनच्या खाऱ्या, दमट हवेत तर बोर्डावर मिठाचा ओलसर थर धरतो, तेव्हा हे अंतर आणखी मोलाचं.

तरी 1500 व्होल्टवर फार विसंबू नका. वळवाचे ढग दाटले, की कडकडाटाआधीच प्लगसोबत लॅनची केबलही काढून ठेवा.