बाराखडी आणि मैफल : सुरेश भटांनी घडवलेली मराठी गझलेची सामूहिक परंपरा

मराठी कवितेत नियमांची दीक्षा आणि श्रोत्यांचा न्याय या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या ठिकाणी नांदत आल्या आहेत. छंदशास्त्र विद्यालयांत शिकवले गेले, तर कवितेचे जाहीर वाचन संमेलनांच्या मांडवांत झाले. गझल मुशायरा आणि गझल कार्यशाळा या जोडसंस्थेने ही दोन्ही कामे एकाच व्यवहारात आणली, आणि नागपूरसह सर्व विदर्भात तिला जे रूप आले त्याच्या मुळाशी कविवर्य सुरेश भट (१९३२–२००३) यांचे कार्य आहे. अमरावतीत जन्मलेल्या आणि पुढे नागपुरात स्थायिक झालेल्या भटांचा ‘गझलसम्राट’ म्हणून गौरव होतो, परंतु त्या बिरुदापेक्षा अधिक टिकाऊ ठरली ती त्यांनी गझलेचे तंत्र सर्वांसाठी खुले करण्याची घेतलेली भूमिका होय.

या भूमिकेला नागपूरची भूमी अनुकूल होती. मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी असलेले हे शहर १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दुभाषिक प्रांताचे केंद्र होते, शहरातील मोमिनपुरा आणि जवळचे कामठी येथे उर्दू बोलली जात होती, आणि त्यामुळे मुशायरा, म्हणजे शायरांनी श्रोत्यांसमोर आळीपाळीने रचना सादर करण्याची मैफल, हा शब्द येथील मराठी कानाला परका वाटण्याचे कारण नव्हते. मराठी साहित्यव्यवहाराची बाजू विदर्भ साहित्य संघाने सांभाळली होती. १४ जानेवारी १९२३ रोजी अमरावतीत स्थापन झालेली आणि पुढे नागपुरात स्थिरावलेली ही संस्था ‘युगवाणी’ हे नियतकालिक चालवते, आणि तिच्या शताब्दी वर्षात, २०२३ साली, वर्ध्याला ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले.

विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला त्याच १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले आणि त्यातील कवींनी काव्यगायन लोकप्रिय केले. मंडळाचे एक सदस्य माधव जूलियन यांनी फारसी वृत्ते मराठीत रुजवली आणि ‘गज्जलांजलि’ (१९३३) हा संग्रह काढला; मात्र त्यांच्या गज्जलेत पुष्कळदा एकच भाव आरंभापासून अखेरपर्यंत वाहतो. भटांनी आग्रह धरला तो प्रत्येक शेर, म्हणजे गझलेतील दोन ओळींचा घटक, स्वयंपूर्ण असण्याचा. हा फरक केवळ तांत्रिक नाही, कारण स्वयंपूर्ण शेर सभागृहात एकेक करून पारखता येतो, त्याला स्वतंत्र दाद मिळते किंवा मिळत नाही, आणि म्हणून श्रोता हा या काव्यप्रकाराच्या रचनेतच सामावलेला घटक ठरतो.

‘रूपगंधा’ (१९६१) या पहिल्या संग्रहानंतर ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) आणि ‘एल्गार’ (१९८३) यांनी भटांची गझल महाराष्ट्रभर पोहोचवली. हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींनी तिला गायनाचे व्यासपीठ दिले, आणि स्वतः भटांनी आपल्या गझलांचे जाहीर कार्यक्रम करून सादरीकरणाचा एक आदर्श घालून दिला. परंतु लोकप्रियतेबरोबर अनुकरण आले, आणि गझलेच्या नावाखाली सैल बांधणीच्या रचना प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यावर भटांनी दिलेले उत्तर म्हणजे ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका, जी ते नवोदित कवींना पाठवत असत. उर्दू परंपरेत उस्तादाने शिष्याची रचना दुरुस्त करण्याला ‘इस्लाह’ म्हणतात. तो गुरुशिष्यांमधील खाजगी व्यवहार असतो. भटांनी त्याची मूलतत्त्वे छापील रूपात आणली, त्यामुळे ज्याच्या गावात उस्ताद नाही त्यालाही आपली ओळ स्वतः तपासता येऊ लागली. पुस्तिकेच्या नावातील ‘बाराखडी’ हा शब्द या दृष्टीने अर्थपूर्ण आहे, कारण बाराखडी ही प्रतिभावंतांची मक्तेदारी नसते. ती शाळेत जाणाऱ्या प्रत्येकाला गिरवावी लागते.

कार्यशाळेत ही बाराखडी कशी गिरवली जाते हे एका ओळीवरून स्पष्ट होईल. ‘चांदण्याला सावली का लागते आहे पुन्हा’ अशी ओळ उदाहरणादाखल रचली, तर शिकणाऱ्याने प्रथम तिच्या प्रत्येक अक्षराखाली लघूसाठी ‘ल’ आणि गुरूसाठी ‘गा’ लिहावे लागते, आणि मग ‘गालगागा गालगागा गालगागा गालगा’ ही देवप्रिया वृत्ताची लगावली, म्हणजे लघुगुरूंची ठरलेली मांडणी, हाती येते. येथेच पहिली अडचण उभी राहते. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू होते हा नियम पाठ केलेला विद्यार्थी ‘चांदण्या’तील ‘द’ आणि ‘पुन्हा’तील ‘पु’ यांना गुरू मानतो आणि त्याची लगावली कोसळते. पण या शब्दांच्या उच्चारात आधीच्या अक्षरावर आघात येत नसल्यामुळे ती दोन्ही अक्षरे लघूच राहतात, आणि डोळ्याने वाचलेला नियम कानाने दुरुस्त करावा लागतो. म्हणूनच गझल केवळ पुस्तकावरून शिकता येत नाही, ओळ मोठ्याने म्हणावीच लागते, आणि कार्यशाळेत बाकावर बोटाने ठेका धरून ती म्हणवून घेतली जाते.

पुढची पायरी यमकाची. वरच्या ओळीतील ‘आहे पुन्हा’ हा प्रत्येक शेराच्या अखेरीस न बदलता येणारा शब्दसमूह म्हणजे रदीफ, आणि त्याच्या आधीचा ‘लागते’ हा यमकाचा शब्द म्हणजे काफिया. गझलेच्या पहिल्या शेरात, ज्याला मतला म्हणतात, दोन्ही ओळींना काफिया आणि रदीफ असतो. पुढील शेरांत तो फक्त दुसऱ्या ओळीला येतो. मतल्यात ‘लागते’ आणि ‘मागते’ असे काफिये घेतले, तर ‘गते’ ही अक्षरे स्थिर राहतात आणि त्यांच्या आधीचा ‘आ’ हा स्वर कायम राखावा लागतो. या स्वराला अलामत म्हणतात. अशा गझलेत ‘जागते’ चालेल, पण ‘उगते’ चालणार नाही, कारण तेथे ‘आ’च्या जागी ‘उ’ येतो. नवोदितांच्या वहीत सर्वाधिक खुणा अलामतीपाशी पडतात, आणि त्या खुणा कशासाठी आहेत हे समजले की मतला लिहिताना पुढच्या सर्व शेरांची शब्दसंपत्ती आपण किती आखडून घेत आहोत याचे भान कवीला येते.

कार्यशाळेत पारखलेली गझल मुशायऱ्यात दुसऱ्या परीक्षेला बसते. येथे सूत्रसंचालक शायरांना क्रमाने बोलावतो, प्रघाताप्रमाणे नव्यांना आधी आणि ज्येष्ठांना शेवटी स्थान मिळते, आणि रचना ‘तहत’मध्ये, म्हणजे साध्या पठणाने, किंवा ‘तरन्नुम’मध्ये, म्हणजे सुरात, सादर होते. शेराची पहिली ओळ, जिला ऊला मिसरा म्हणतात, शायर बहुधा दोनदा म्हणतो. त्या पुनरावृत्तीत श्रोते अर्थ धरून ठेवतात आणि उत्कंठा वाढते, आणि दुसरी ओळ, म्हणजे सानी मिसरा, ती उत्कंठा अनपेक्षित कलाटणीने फेडते. दाद मिळते ती या फेडीला, आणि शेर विशेष आवडला तर ‘मुकर्रर’ म्हणून तो पुन्हा मागितला जातो.

भटांच्या गझलेने या मैफलीचा विषयही विस्तारला. प्रेम आणि विरह यांच्याबरोबर सामाजिक रोष आणि उपेक्षितांची बाजू ‘एल्गार’च्या काळात ठळकपणे पुढे आली, भटांनी ‘भीमवंदना’ लिहिली आणि उत्तरायुष्यात बौद्ध धम्म स्वीकारला, त्यामुळे धम्मदीक्षेचे स्थळ असलेल्या दीक्षाभूमीच्या नागपूर शहरात त्यांच्या शब्दाला साहित्यरसिकांच्या वर्तुळाबाहेरही श्रोता लाभला. इलाही जमादार यांच्यासारख्या शायरांनी मराठी गझलेची वाट रुंद केली, आणि अमरावती जिल्ह्यातून आलेले गझलगायक भीमराव पांचाळे यांनी गायनाच्या जोडीने गझल संमेलनांच्या आयोजनातही पुढाकार घेतला.

या परंपरेला तिचे दोषही आहेत. तंत्र शिकवता येते आणि खयाल, म्हणजे शेरामागचा विचार, शिकवता येत नाही. त्यामुळे वृत्तात निर्दोष पण आशयाने कोरड्या गझलांचे पीक कार्यशाळांतूनच येते, आणि टाळीवर नजर ठेवून लिहिलेला शेर सभागृहाबाहेर पडताच विझतो. मात्र या दोषांवरचा उपायही याच व्यवस्थेत दडलेला आहे, तो म्हणजे बाराखडी जाणणारा श्रोता. नागपूर महानगरपालिकेने रेशीमबागेत उभारलेल्या आणि २०१७ साली खुल्या झालेल्या सुमारे २००० आसनांच्या सभागृहाला सुरेश भटांचे नाव दिले आहे. परंतु त्यांच्या कार्याचे माप एखाद्या लहानशा मैफलीतही घेता येते. मतला ऐकून काफिया आणि रदीफ ओळखलेले श्रोते पुढच्या शेरात काफियाची चाहूल लागताच रदीफ शायराच्या आधी उच्चारतात, आणि शायराने आणलेला काफिया त्यांनी मनात धरलेल्या काफियाहून सरस निघाला तरच दाद देतात. त्या क्षणी बाराखडी कवीच्या वहीतून उतरून सबंध सभेची झालेली असते.