मोटरहोममधील अंगभूत उपग्रह मार्गदर्शन यंत्रणा : स्वरूप, मर्यादा आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

प्रस्तावना

चालकाची जागा, शय्या, स्वयंपाकाचा ओटा आणि स्वच्छतागृह या सर्व सोयी ज्या एकाच वाहनात सामावलेल्या असतात, त्या वाहनास युरोपात ‘मोटरहोम’ असे म्हणतात. ब्रिटन, जर्मनी व फ्रान्स या देशांत, विशेषतः सेवानिवृत्तीनंतर दीर्घ प्रवासाला निघणाऱ्या दांपत्यांमध्ये हे वाहन लोकप्रिय आहे. डॅशबोर्डमध्येच बसविलेली उपग्रह मार्गदर्शन यंत्रणा हे अशा वाहनाच्या विक्रीतील एक आकर्षण असते. ‘अंगभूत’ या शब्दामुळे ग्राहकाचा असा समज होतो की, ही यंत्रणा ज्या वाहनात बसविली आहे, त्या वाहनाची उंची, रुंदी व वजन तिला ज्ञात असणार. प्रत्यक्षात पुष्कळदा तसे नसते. तीन मीटर उंचीच्या वाहनाला यंत्र छोट्या मोटारीचा मार्ग दाखविते आणि चूक लक्षात येते ती पुलाची कमान समोर आल्यावर.

प्रस्तुत लेखात या विसंगतीच्या कारणांचा परामर्श घेण्यात आला आहे.

उद्दिष्टे

१) उपग्रह मार्गदर्शनाची कार्यपद्धती थोडक्यात स्पष्ट करणे.
२) मोटरहोमच्या संदर्भात ही यंत्रणा कोठे व का अपुरी पडते, याचा शोध घेणे.
३) या अपुरेपणाच्या उत्तरदायित्वाचा विचार करणे.

स्थाननिश्चिती : दोष उपग्रहांचा नाही

मार्ग चुकला की सर्वसाधारणपणे ‘जीपीएस चुकले’ असे म्हटले जाते. हे विधान तपासून पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून परिभ्रमण करतात. ग्राहकयंत्र किमान चार उपग्रहांच्या संदेशांना लागलेल्या वेळेवरून स्वतःचे स्थान काढते. नागरी उपयोगासाठीच्या संदेशांत पूर्वी हेतुपुरस्सर त्रुटी मिसळली जात असे. मे २००० मध्ये अमेरिकी शासनाने ती पद्धत बंद केली आणि मोकळ्या आकाशाखाली काही मीटरपर्यंतची अचूकता सामान्य वाहनचालकाला उपलब्ध झाली. म्हणजेच ‘वाहन कोठे आहे’ या प्रश्नाचे उत्तर बहुतांश वेळा बरोबरच असते. चुकते ते ‘या वाहनाने कोठून जावे’ या प्रश्नाचे उत्तर. आणि तो प्रश्न उपग्रहांच्या कक्षेतील नाही. उपग्रहाला रस्ता, पूल वा बोगदा यांपैकी काहीही ठाऊक नसते.

नकाशा आणि मार्गाची निवड

मार्ग ठरविण्याचे कार्य यंत्रातील नकाशा व गणनपद्धती यांच्याकडे असते. नकाशात चौक हे बिंदू आणि रस्ते हे त्यांना जोडणाऱ्या रेषा असतात. प्रत्येक रेषेला अंतर वा वेळ यांचे मूल्य दिलेले असते. कमीत कमी मूल्याचा मार्ग शोधण्याची डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांची पद्धत १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजच्या अनेक पद्धतींचा पाया तीच आहे.

ही पद्धत गणिताच्या दृष्टीने निर्दोष असली, तरी तिचे उत्तर नोंदींवर अवलंबून राहते. एखाद्या पुलाखालील उंचीची मर्यादा नकाशात नोंदविलेली नसेल, तर सर्वसाधारण यंत्र त्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘मर्यादा नाही’ असा घेते. ‘माहिती नाही’ आणि ‘बंधन नाही’ या दोन भिन्न गोष्टी येथे एकच ठरतात. शिवाय नोंद असूनही वाहनाची उंची यंत्राला सांगण्याची सोय नसेल, तर ती नोंद निरुपयोगी ठरते. छोट्या मोटारीसाठी तयार केलेल्या अंगभूत यंत्रांत ही सोय बहुधा नसते.

मोटार नव्हे, मालमोटारही नव्हे

मध्यम आकाराच्या मोटरहोमची लांबी सुमारे सहा ते साडेसात मीटर, उंची तीन मीटरच्या आसपास आणि आरसे वगळून रुंदी सुमारे २.३ मीटर असते. लंडनमध्ये थेम्स नदीखाली १९०८ मध्ये खुल्या झालेल्या रॉदरहाइथ बोगद्यात आज दोन मीटरहून अधिक उंच किंवा रुंद वाहनांना प्रवेश नाही. छोट्या मोटारीसाठी हा सोयीचा मार्ग आहे. मोटरहोमसाठी तो मार्गच नव्हे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याकडील बेलाख ना बा या ६२६ मीटर उंचीच्या घाटाच्या पायथ्याशी तर नवशिके चालक, अतिमोठी वाहने आणि कॅरॅव्हॅन यांनी पुढे जाऊ नये, अशी सूचना लावलेली आहे. यंत्राच्या दृष्टीने मात्र तो नकाशावरील एक वैध रस्ता असतो.

मालमोटारींसाठीची यंत्रणा वापरणे हा यावरील सोपा उपाय वाटतो. पण तोही पूर्णतः लागू पडत नाही. ब्रिटनमधील अनेक रस्त्यांवर ठरावीक वजनाच्या मालवाहू वाहनांना बंदी असते. मोटरहोम मालवाहू नसल्यामुळे ती बंदी त्याला लागू होत नाही. मालमोटारीचे यंत्र मात्र असे सर्व रस्ते टाळून विनाकारण मोठा वळसा घालावयास लावते. उलट, कमकुवत पुलावरील वजनमर्यादा ही पुलाच्या क्षमतेशी निगडित असल्यामुळे मोटरहोमलाही बंधनकारक ठरते. यॉर्कशरमधील सटन बँक या तीव्र चढावर कॅरॅव्हॅनना मनाई आहे. परंतु ती मोटारीमागे जोडलेल्या कॅरॅव्हॅनसाठी असून स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या मोटरहोमसाठी नाही. म्हणजे प्रत्येक बंधनामागील कारण कळल्याखेरीज ते कोणाला लागू आहे, हे ठरविता येत नाही.

वजनाचा प्रश्न राष्ट्राच्या सीमेबरोबर बदलतो. ऑस्ट्रियात ३,५०० किलोपर्यंतच्या वाहनाला महामार्गासाठी ठरावीक मुदतीचा परवाना पुरतो. त्याहून जड वाहनाला स्वतंत्र उपकरण बसवून अंतरानुसार पथकर भरावा लागतो. एकाच बाह्य आकाराच्या दोन मोटरहोमना त्यामुळे वेगळे नियम लागू होऊ शकतात.

दोन निर्मात्यांमध्ये विभागलेले वाहन

अंगभूत यंत्रणेला स्वतःच्या वाहनाची ओळख का नसते, याचे उत्तर निर्मितीच्या पद्धतीत सापडते. बहुतेक मोटरहोम एका कारखान्यात पूर्ण होत नाहीत. इंजिन, चॅसी व चालककक्ष मोटार कंपनी पुरविते. युरोपात फियाट ड्युकाटो हे यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे वाहन आहे. त्यावर निवासी भाग दुसरी कंपनी उभारते. युरोपीय संघाच्या वाहन-मान्यतेच्या नियमांतही अशा टप्प्याटप्प्याने होणाऱ्या निर्मितीची स्वतंत्र तरतूद आहे. मार्गदर्शन यंत्रणा मोटार कंपनीची असेल, तर ती मूळ व्हॅनसाठी रचलेली असते. अनेकदा ती विक्रेत्याने नंतर बसविलेली, तिसऱ्याच कंपनीची असते. पुढे मालक छतावर सौर पट्ट्या, दूरचित्रवाणीची तबकडी वा वातानुकूलन यंत्र बसवितो आणि माहितीपत्रकातील उंचीही खरी राहत नाही. आरशांसह रुंदी तर पुष्कळ माहितीपत्रकांत दिलेलीच नसते.

अशा रीतीने वाहनाचे ज्ञान अनेकांच्या हाती विखुरलेले राहते. तक्रार आल्यावर मोटार कंपनी निवासी भागाच्या निर्मात्याकडे, निर्माता विक्रेत्याकडे आणि विक्रेता नकाशा पुरविणाऱ्याकडे बोट दाखवू शकतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र वाहनाची जबाबदारी चालकावरच राहते.

आयुर्मर्यादेतील विसंगती

मोटरहोम वीस वर्षे वा त्याहून अधिक काळ टिकते. त्यातील नकाशा मात्र काही महिन्यांत जुना होऊ लागतो. जीपीएस संदेशात आठवड्याचा क्रमांक दहा अंकी द्विमान संख्येत दिला जातो. त्यामुळे १,०२४ आठवड्यांनंतर तो पुन्हा शून्यावर येतो. असे ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये घडले. ज्या जुन्या यंत्रांत याची तजवीज नव्हती, त्यांत चुकीची तारीख दिसू लागण्याचा संभव होता. ब्रिटनमध्ये २०२३ पासून थ्रीजी सेवा टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आल्या. केवळ त्यांवर विसंबलेल्या यंत्रांना मार्गावरील कोंडीची ताजी माहिती मिळणे थांबले. सुटे यंत्र बदलता येते. डॅशबोर्डमध्ये जडविलेले यंत्र बदलणे खर्चाचे असते. जे वैशिष्ट्य म्हणून विकले गेले, तेच कालांतराने अडचण ठरते.

पत्त्याचा प्रश्नही असाच आहे. ब्रिटनमध्ये एका पोस्टकोडमध्ये सरासरी पंधराच्या आसपास पत्ते येतात. शहरात हे क्षेत्र लहान असते; ग्रामीण भागात ते शेतशिवारापर्यंत पसरते. मुक्कामाचे तळ बहुधा तेथेच असतात. त्यामुळे यंत्र अरुंद गल्लीत ‘आपण पोहोचलात’ असे सांगते आणि वाहन वळविण्यास जागा नसते. म्हणूनच अनेक तळचालक शेवटच्या टप्प्यात यंत्राऐवजी रस्त्यावरील तपकिरी पर्यटन-फलक पाहण्याची सूचना देतात.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. घाटरस्ते, रेल्वेपुलाखालील उंचीरोधक कमानी आणि गावठाणातील अरुंद रस्ते यांचा विचार करता वरील प्रश्न येथेही उद्भवू शकतात. वाहनांना उत्तेजन देताना रस्त्यांच्या मर्यादांची विश्वसनीय नोंद तयार करणे हाही धोरणाचा भाग असावयास हवा.

निष्कर्ष व शिफारशी

मोटरहोममधील अंगभूत यंत्रणेचे अपयश हे मुख्यतः उपग्रहतंत्राचे अपयश नसून माहितीच्या विभागणीचे अपयश आहे. स्थान उपग्रहांकडून, रस्ता नकाशाकाराकडून आणि वाहनाचे मोजमाप निर्मात्याकडून येते. या तिन्हींची सांगड घालण्याचे उत्तरदायित्व स्पष्टपणे कोणाकडेच नाही. या दृष्टीने पुढील शिफारशी करता येतील.

१) वाहन पूर्ण करणाऱ्या निर्मात्याने प्रत्यक्ष उंची, रुंदी व वजन यंत्रात नोंदवूनच वाहन सुपूर्द करावे आणि नंतरच्या बदलांनुसार ही नोंद दुरुस्त करण्याची सोय मालकास द्यावी.
२) ज्या रस्त्याच्या मर्यादेची नोंद उपलब्ध नाही, तेथे यंत्राने ‘माहिती नाही’ असे स्पष्ट दर्शवावे.
३) नकाशा किती काळ अद्ययावत केला जाईल, हे विक्रीच्या वेळीच लेखी सांगावे.
४) चालकाने आरशांसह रुंदी व छतावरील उपकरणांसह उंची स्वतः मोजून मीटर आणि फूट-इंच या दोन्ही परिमाणांत समोर लावून ठेवावी.

यांपैकी शेवटची शिफारस सर्वांत साधी व अल्पखर्चिक आहे. पहिल्या तीन अमलात येईपर्यंत कमानीपूर्वीचा फलक आणि चालकासमोरील ती चिठ्ठी यांचाच आधार घ्यावा लागेल.