राजे गेले, बागा राहिल्या

कामधंद्यासाठी परदेशी जाणाऱ्या माणसाला तो देश असा फारसा भेटत नाही. विमानतळ, हॉटेल, कचेरी आणि पुन्हा विमानतळ, एवढाच त्याचा प्रवास. जपानच्या आठवडाभराच्या मुक्कामात आमच्याही वाट्याला दोन दुपारी आणि एक रविवार एवढीच सवड आली. ती आम्ही तेथील जुन्या बागांना दिली आणि त्याचे सार्थक झाले.

टोकियोतील हामारिक्यू ही बाग पूर्वी तोकुगावा शोगुनांची. आज तिच्या कुंपणाला लागूनच काचेच्या उंच इमारती आहेत. आतले तळे खाऱ्या पाण्याचे. भरती-ओहोटीप्रमाणे दारे उघडून त्यात समुद्राचे पाणी घेतात आणि सोडतात. त्यामुळे तळ्याचा काठ दिवसभर रूप पालटत असतो. दुसरी बाग रिकुगिएन. यानागिसावा योशियासु या सरदाराने ती १७०२ साली पुरी केली आणि जुन्या काव्यातली अठ्ठ्याऐंशी स्थळे तिच्यात उभी केली. टेकडी, खडक, पूल असे एकेक पाहत जायचे. म्हणजे बाग नुसती हिंडायची नव्हे, वाचायची.

या बागांत फुलांचे ताटवे जवळपास नाहीतच. वाट मुद्दाम वळते. तळे झाडाआड जाते आणि दहा पावलांवर निराळेच होऊन समोर येते. हा सारा स्वाभाविकपणा अपार कष्टांचा आहे. आम्ही गेलो ते शरद ऋतूचे दिवस. तीन पायांच्या शिडीवर चढून एक वृद्ध माळी पाइन वृक्षाच्या जुन्या सुया हाताने खुडत होता. आम्ही बागेला फेरी मारून परत आलो, तरी त्याची एक फांदी पुरी झाली नव्हती.

रविवारी आगगाडीने ओकायामा गाठले. तेथील कोराकुएन ही जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. दाइम्यो म्हणजे तेथील संस्थानिक. त्यांतील इकेदा त्सुनामासा यांच्या आज्ञेवरून १६८७ साली ती सुरू झाली व १७०० साली पुरी झाली. नदीपलीकडचा किल्ला आणि दूरची टेकडी ही जणू बागेचीच अंगे वाटावीत, अशी तिची मांडणी आहे. आत हिरवळ आहे, चहाचा मळा आहे, चक्क भाताचे खाचरही आहे. कोराकुएन या नावाचा आशय असा, की राज्यकर्त्याने सुख भोगावे ते प्रजेच्या मागून. हे नाव बागेला मिळाले १८७१ साली, आणि त्याच वर्षी जपानातील संस्थाने खालसा झाली! १८८४ साली बाग ओकायामा प्रांताच्या ताब्यात आली व लोकांना खुली झाली. १९३४ च्या महापुराने आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्याने तिची दैना केली. पण जुन्या काळची चित्रे आणि नकाशे जपलेले होते. त्यांवरून ती पुन्हा होती तशी उभी राहिली.

संस्थानी शहरात वाढलेल्या माणसाच्या मनात येथे आपली कमाटीबाग आल्यावाचून राहत नाही. तीही नदीकाठची, विश्वामित्रीच्या तीरावरची. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८७९ साली लोकांसाठीच झालेली. पुणेकरांनी तर कोराकुएनच्या धर्तीवर सिंहगड रस्त्याला बाग केली आणि तिला पु. ल. देशपांडे यांचे नाव दिले.

राजाची बाग लोकांची होते ती एका हुकुमाने. पण ती लोकांची राहते, ती मात्र रोजच्या निगेने. महाराजांच्या वेळी बाग कशी होती, हे आपल्याकडे वडीलधारी माणसे हळहळून सांगतात. त्या हळहळीबरोबर घरातल्या ट्रंकेतले जुने फोटो, नकाशे, झाडांच्या याद्या बाहेर निघाल्या तर किती बरे होईल! ओकायामाची बाग वाचली ती अशाच जपलेल्या कागदांमुळे, आणि शिडीवर चढणाऱ्या हातांमुळे.