जुन्या ट्रकात दुसरे इंजिन बसविताना

जुन्या टाटा ट्रकचे इंजिन थकले की बोअरिंगच्या खर्चात पडण्यापेक्षा भंगार बाजारातून चालू इंजिन आणावे, असे मालकाला वाटते. हिशेबाने तो चुकत नाही. पण इंजिन फाउंडेशनवर बसले म्हणजे काम संपले, असे समजणाऱ्या मिस्त्रीला भरपाई खिशातून द्यावी लागते. आम्ही ती दिली आहे.

आधी नंबर वाचावा. टाटाच्या ६९२ मध्ये ६ म्हणजे सिलिंडर, ९२ म्हणजे मिलिमीटरमध्ये बोअर. ६९७ चा बोअर ९७. स्ट्रोकही निराळा: पहिल्याचा १२० मि.मी., दुसऱ्याचा १२८. त्यामुळे एकाचे क्रँक, पिस्टन किंवा हेड पॅकिंग ‘घरात पडून आहे’ म्हणून दुसऱ्यात घालता येत नाही. नंबर एकच असला तरी क्रँक पूर्वी ग्राइंड झालेला असू शकतो. जर्नल ०.२५ किंवा ०.५० मि.मी.ने लहान असेल, तर बेअरिंगही त्याच अंडरसाइझचे लागते. विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता मायक्रोमीटर लावावा.

खरी गफलत होते ती इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे भेटतात तिथे. क्लच प्लेट दोन मालकांची चाकर आहे. तिच्या मधल्या छिद्राचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळावे लागतात, तर बाहेरचा व्यास फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटशी. पायलट बेअरिंगचेही तसेच: बाहेरून ते क्रँकच्या घरात घट्ट हवे, आतून शाफ्टच्या टोकाला बरोबर. आम्ही एकदा घाईत हे आतले माप घेतले नाही. टोक सैल राहिले. ट्रक भरून निघाला आणि कसारा घाटात गिअर पडेना. गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, बेअरिंग आणि मजुरी दोन्ही आमच्या अंगावर आली. तेव्हापासून आम्ही फ्लायव्हील इंजिनासोबतच मागतो आणि त्याच्या रिंगचे दाते सेल्फच्या पिनियनशी जुळवून पाहतो.

डिझेल पंपही त्याच इंजिनाचा घ्यावा. मोठे इंजिन जुन्या रेडिएटरवर तापते, हेही गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

आता कागद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये इंजिन बदलाचे नियम आहेत. आर.टी.ओ.ची परवानगी काम सुरू करण्यापूर्वी घ्यावी, आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवून आर.सी. बुकावर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा. नंबर जुळला नाही तर अपघातानंतर विम्याचा दावा अडतो, आणि इंजिन चोरीचे निघाले तर पोलीस आधी गॅरेजवर येतात. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी ब्लॉकवरच्या नंबरची पेन्सिल प्रिंट काढावी, बिलावर तोच नंबर लिहून घ्यावा आणि एक प्रत आपल्या फाइलला ठेवावी.