वापरलेले तारू विकणे आहे

मुरारच्या छावणीतून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र गाठण्यास शेकडो मैल तुडवावे लागतात. मुरार नदीने या गावाला नाव दिले खरे, पण तिच्या पात्रात तारू हाकारण्याची कल्पना कोणाच्या मनात यावयाची नाही. असे असूनही हिंदी जहाजवाहतुकीच्या इतिहासातील एक मोठी खरेदी ज्यांच्याकडून झाली, तो विक्रेता मुरारच्या शेजारीच, लष्करच्या जयविलास प्रासादात राहत होता. विकावयाची वस्तू होती एक वापरलेले, सर्व साधनसामग्रीने सज्ज असे जहाज.

त्या जहाजाकडे वळण्यापूर्वी जुन्या तारवाची पारख कशी करतात हे पाहिले पाहिजे. दूरच्या सफरीला योग्य अशी शिडाची यॉट विकावयाची असली की मालक तिच्या सामानाची लांबलचक यादी देतो : निजण्याच्या सहा जागा, चूल, गोड्या पाण्याच्या टाक्या, बिनतारी यंत्र, सूर्यप्रकाशावर वीज करणारे पत्रे, शिडांचे दोन जोड. यादी वाचून नवख्या माणसाला भुरळ पडते. अनुभवी माणूस ती बाजूला ठेवतो आणि तारू पाण्याबाहेर काढावयास सांगतो. बांधा फायबरग्लासचा असेल तर तो लहान हातोडीने ठिकठिकाणी ठोकून पाहतो. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत पाणी मुरले आहे किंवा थर सुटले आहेत, असा संशय घ्यावयाचा. तारू उलटू नये म्हणून तळाशी जो वजनदार कणा जोडलेला असतो, त्याचे बोल्ट गंजले आहेत की काय, हे तो बघतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा वरून चकचकीत दिसल्या तरी दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात, कारण त्या तुटतात त्या आतून, आणि बहुधा वादळातच. चूल आणि बिछाने कोणत्याही बंदरात मिळतात. कण्याचा बोल्ट भर समुद्रात मिळत नाही. एवढे करूनही एक प्रश्न उरतोच. हे तारू मुळात कोणत्या कामासाठी बांधले होते, आणि आता त्याच्याकडून कोणते काम घ्यावयाचे आहे?

ग्वाल्हेरच्या जहाजाची कथा याच प्रश्नाभोवती फिरते. महाराज माधवराव शिंदे यांना रुग्णनौकांचा अनुभव होता. 1900 साली चीनमध्ये गेलेल्या फौजेसाठी त्यांनी ‘ग्वाल्हेर’ नावाची रुग्णनौका सज्ज करून दिली होती. 1914 मध्ये महायुद्ध सुरू झाले, हिंदी सैनिक परदेशी रणांगणांवर जाऊ लागले, आणि जखमींना सागरापलीकडून परत आणण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्या वर्षाच्या अखेरीस महाराजांनी कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही आगबोट विकत घेतली. म्हणजे हे जहाज महाराजांकडेही वापरलेलेच आले होते.

जहाज मोठे देखणे. इंग्लंडातील बॅरो येथे बांधले गेलेले आणि 1891 पासून पॅसिफिक महासागरात टपाल व उतारू यांची ने-आण करणारे. लांबी सुमारे साडेचारशे फूट, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, आणि जुन्या शिडाच्या जहाजांसारखी पुढे झुकलेली डौलदार नाळ. पाहणाऱ्याला ती एखाद्या श्रीमंताची यॉट वाटावी. मुंबईत तिच्या अंतर्भागात फेरफार करून तिचे तरते इस्पितळ बनविण्यात आले आणि ‘लॉयल्टी’ हे नाव ठेवण्यात आले. रुग्णनौकेला पांढरा रंग द्यावा असा संकेत आहे. या जहाजाला तो रंग नवा नव्हता. कॅनडाच्या फेऱ्यांतही ते पांढरेच असे.

युद्ध संपले आणि ‘लॉयल्टी’चे काम संपले. संस्थानाला इतक्या मोठ्या आगबोटीचा उपयोग काय? जहाज विकावयाचे ठरले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना ही वार्ता आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाकडून कळली, अशी हकीकत सांगतात. ती संधी त्यांनी सोडली नाही. नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांच्यासह त्यांनी 1919 च्या मार्च महिन्यात कंपनी स्थापन केली, जहाज घेतले, आणि ज्यांच्याकडून ते घेतले त्यांचेच नाव कंपनीला दिले : सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. 1964 पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

सोहळ्याच्या भाषणांतून ही कथा बहुधा येथेच थांबते. पुढचा भाग फारसा सुखाचा नाही. जहाज अठ्ठावीस वर्षांचे झाले होते. ते बांधले होते वेगाने टपाल नेण्यासाठी. अशी आगबोट कोळसा खाते फार आणि माल वाहते थोडा. सरकारी टपालाचे काम आणि त्याचा मोबदला परक्या कंपन्यांच्या हाती होता. इस्पितळाचे पुन्हा उतारू जहाज करावयाचे म्हणजे दुरुस्तीचा खर्च आलाच, आणि युद्धानंतरच्या त्या दिवसांत सर्वच भाव चढलेले होते. 1921 मध्ये ‘लॉयल्टी’ मुंबईत नांगरून ठेवावी लागली. 1923 मध्ये ती मोडीत निघाली. खरेदी करणारे व्यवहारात कच्चे होते, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. हिंदी मालकीचे जहाज परदेशी जाऊ शकते हे दाखविण्यास त्यांना हाताशी येईल ते जहाज हवे होते, आणि हाताशी हेच होते. त्यांनी लवकरच मालवाहू जहाजांकडे मोर्चा वळविला. 1923 मध्येच बलाढ्य ब्रिटिश इंडिया कंपनीशी करार करून, जाचक अटी पत्करून, किनाऱ्यावरच्या वाहतुकीत त्यांनी पाय रोवले.

याच्या उलट उदाहरण ‘तृष्णा’चे. भारतीय सैन्याच्या इंजिनिअर दलाने जगप्रदक्षिणेसाठी निवडलेली ही सदतीस फुटी शिडाची यॉटही वापरलेलीच होती. फिनलंडमध्ये बांधलेली ही नौका इंग्लंडात विकत घेण्यात आली. 28 सप्टेंबर 1985 रोजी ती मुंबईहून निघाली आणि पृथ्वीला वळसा घालून 10 जानेवारी 1987 रोजी परतली. शिडाच्या नौकेतून भारतीयांनी केलेली ही पहिली जगप्रदक्षिणा. येथे तारू जुने असले तरी काम जुनेच होते : वाऱ्यावर दूर जाणे. ती त्याचसाठी घडविलेली होती, आणि ती चालविणारे स्वतः इंजिनिअर असल्यामुळे दुरुस्तीचे हातही तारवावरच होते.

‘लॉयल्टी’चे पोलाद कोणत्या भट्टीत वितळले, कोण जाणे. नाव मात्र राहिले. सिंदिया कंपनीने 1941 मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी केली आणि तेथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. कारखाना पुढे सरकारकडे गेला, कंपनीची जहाजेही आता उरली नाहीत; पण त्या कारखान्याजवळच्या वस्तीला तेथील तेलुगू माणूस आजही ‘सिंदिया’ असेच म्हणतो.