कॅमेरा घेताना आधी काम विचारा

थळहून बोलतेय. बचत गटाची समन्वयक म्हणून तुम्ही मला ओळखताच. एरवी मी सुकट, पापड, गटाचं पासबुक यांवर बोलते. आज कॅमेऱ्यावर बोलणार आहे. हसू नका. हा विषय आमच्या मासिक बैठकीत आला, आणि बैठकीत येणारा विषय शेवटी पैशांचाच असतो.

झालं असं, की गटातल्या एका मावशींनी दीड लाख रुपये कर्ज मागितलं. लेकीला फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा घ्यायचा होता. लेक दोन वर्षं एका फोटोग्राफरबरोबर हळदी-लग्नांना मदतनीस म्हणून जाते. आता तिला स्वतःची कामं घ्यायची आहेत. अर्ज वाचून होतो न होतो तोच समोरच्या काकी म्हणाल्या, "दीड लाख कशाला? माझ्या भाच्याने चाळीस हजारांत कॅमेरा आणलाय. खिशात मावतो. किनाऱ्यावर उभं राहून खांदेरीचं दीपगृह हाताच्या अंतरावर दिसतं. तुझ्या लेकीच्या कॅमेऱ्यात दिसेल का?"

लेक खरं बोलली. म्हणाली, "नाही काकी. मी सांगते त्या लेन्सने नाही दिसणार."

झालं! सगळ्या बायकांचं मत फिरलं. तिप्पट-चौपट महाग, आणि दिसतं कमी? मग घ्यायचा कशाला?

मी निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला. कारण मागे एकदा मी घाई केली होती. मसाल्याची चक्की घ्यायला एका ताईंना कर्ज मंजूर केलं. चक्की आली, ती थ्री-फेज मोटरची. त्यांच्या घरी मीटर सिंगल-फेज. चार महिने चक्की पोत्याखाली झाकून पडली, हप्ते मात्र चालू. चक्की चांगली होती, पण त्या घरात चालणारी नव्हती. तेव्हापासून वस्तू किती भारी आहे याआधी मी विचारते, काम कोणतं आहे?

म्हणून आम्ही दोन्ही कॅमेरे एका दिवसासाठी जमवले. भाच्याचा सुपरझूम होताच, मोठा कॅमेरा लेकीने उसना आणला. दुपारी किनाऱ्यावर गेलो आणि संध्याकाळी एका घरी हळद होती तिथे. दोन्हीकडे दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले.

दुपारी काकी जिंकल्या. सुपरझूममध्ये उंदेरीचा तट, पलीकडे खांदेरीचं दीपगृह, होडीच्या काठीवर बसलेला कुरव, सगळं जवळ आलं. मोठ्या कॅमेऱ्यावर साधी ५०ची लेन्स होती. त्यात दीपगृह काडेपेटीतल्या काडीएवढं.

संध्याकाळी उलटं झालं. मांडवात पिवळे दिवे, त्यात बायका नाचतायत. सुपरझूमच्या फोटोत नवरीचा चेहरा रव्यासारखा दाणेदार, आणि हळद लावणारा हात नुसता पुसट पट्टा. मोठ्या कॅमेऱ्यात गालावरची ओली हळदसुद्धा चमकत होती, आणि मागची गर्दी आपोआप धूसर झाल्याने नवरी उठून दिसत होती.

आता हे असं का होतं ते सांगते.

कॅमेऱ्याच्या आत सेन्सर नावाची एक चकती असते. पूर्वी जिथे रोल असायचा तिथे ती बसते. भिंगातून आलेला उजेड तिच्यावर पडतो आणि त्याचा फोटो होतो. आपल्या लग्नांच्या वेळी छत्तीस फोटोंचा रोल मिळायचा, आठवतो? त्या रोलवरचं एक चित्र ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असायचं. तेवढ्याच मापाचा सेन्सर ज्या कॅमेऱ्यात असतो त्याला फुल-फ्रेम म्हणतात. मिररलेस म्हणजे जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत जो आरसा असायचा तो काढून टाकलेला. सोनीने २०१३ साली अल्फा ७ हा असा कॅमेरा आणला. पुढे २०१८मध्ये कॅनन आणि निकॉनही त्यात उतरले.

खिशातल्या सुपरझूममध्ये सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर फुल-फ्रेम त्याच्या तीस पट मोठा.

पावसात अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवा. धो धो पाऊस असेल तर दोन्ही भरतील. भुरभुर असेल तर परातीत तरी पाणी साचेल, वाटीत चार थेंब. उजेडाचंही तसंच. भर उन्हात दोन्ही कॅमेऱ्यांना पुरेसा उजेड मिळतो, आणि मोबाईलवर बघताना फरक कळतही नाही. मांडवातल्या दिव्यात छोट्या सेन्सरला उजेड कमी पडतो. मग कॅमेरा मिळालेला संकेत ताणून वाढवतो. त्याला आयएसओ वाढवणं म्हणतात, आणि त्यातून ते दाणे दिसू लागतात. नाहीतर तो झडप जास्त वेळ उघडी ठेवतो. तेवढ्यात हात हलला की पट्टा.

मग लहान सेन्सर घालतातच कशाला? कारण त्यामुळेच झूम परवडतं. सेन्सर छोटा, म्हणून त्याच्यापुरतं चित्र पाडणारं भिंगही छोटं चालतं. कॅननच्या पॉवरशॉट एसएक्स७४० या कॅमेऱ्याचं भिंग पूर्ण ताणल्यावर प्रत्यक्षात १७२ मिलिमीटरचं असतं, पण दृश्य दिसतं ते फुल-फ्रेमवर ९६० मिलिमीटरची लेन्स लावल्यासारखं. वजन फक्त ३०० ग्रॅम. फुल-फ्रेमवर एवढं लांबचं बघायचं तर? सोनीची २००-६०० मिलिमीटरची लेन्सच दोन किलोच्या वर आहे, आणि तरी ती ६००पर्यंतच जाते. किंमत वेगळी.

झूमचा आकडाही समजून घ्या. "४०एक्स" म्हणजे सगळं चाळीस पट जवळ येतं असं नाही. सर्वांत रुंद दृश्य २४चं आणि सर्वांत लांबचं ९६०चं, त्यांचा भागाकार चाळीस, एवढाच त्याचा अर्थ. डब्यावर "डिजिटल झूम" असं वेगळं लिहिलेलं असेल तर ते धरूच नका. ते फोटो कापून ताणणं आहे, घरी मोबाईलवरही करता येतं.

अजून एक. भिंगाच्या खिडकीचा आकडा असतो. तो जितका लहान, तितकी खिडकी मोठी. लेकीच्या ५०च्या लेन्सचा आकडा १.८ होता. त्या सुपरझूमचा पूर्ण ताणल्यावर ६.९ होतो, म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर जवळपास पंधरावा हिस्सा उजेड पडतो. म्हणून लांबचा झूम हे दिवसाचं काम आहे. त्यातही भर दुपारी तापलेल्या वाळूवर हवा थरथरते आणि लांबचा फोटो वितळल्यासारखा येतो. सकाळी लवकर काढा, कोणताही कॅमेरा असो.

थोडक्यात, भाच्याने चूक केली नाही. तो होडीवर असतो. शिवाजी महाराजांनी १६७९मध्ये बांधायला घेतलेल्या खांदेरीचं नाव जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. पाहुण्यांना होडीतून किल्ल्याचा तट दाखवायला, पक्षी टिपायला, खाऱ्या वाऱ्यात लेन्स न बदलता काम करायला त्याचा कॅमेरा योग्यच आहे. पण हळदीच्या मांडवात तो कॅमेरा नेऊन लेकीने पैसे घेतले, तर दुसरं काम मिळणार नाही. आणि तुमच्या सुकटीचे, पांढऱ्या कांद्याच्या वेण्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे असतील, तर दोन्ही नकोत. खिडकीजवळच्या उजेडात हातातला मोबाईल पुरतो.

आता पैसे. समजा दीड लाख कर्ज, दोन वर्षांत फेड, शिल्लक मुद्दलावर महिना एक टक्का व्याज. पहिला हप्ता मुद्दल ६,२५० अधिक व्याज १,५००, म्हणजे ७,७५० रुपये. चाळीस हजार एका वर्षात फेडायचे तर पहिला हप्ता साधारण ३,७३३. पण मला आकड्यापेक्षा महिन्यांची काळजी वाटली. लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढी एकादशीनंतर थांबतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मावशींच्या घरी नवरा होडीवर आणि लेक लग्नांवर. म्हणजे पावसाळ्यात दोन्हीकडची आवक एकदम आटते. हप्ता मात्र दर महिन्याच्या दहा तारखेला उभा राहतो. गटात असा हप्ता थकला की ज्या बाईला दवाखान्यासाठी पाच हजार हवे असतात तिला नाही म्हणावं लागतं. दीड लाखात बारा जणींची बचत आहे.

दुसऱ्या बैठकीत आम्ही असं ठरवलं. आधी तीन कामं भाड्याच्या कॅमेऱ्यावर करायची. भाडं, प्रवास, मिळालेले पैसे, सगळं वहीत लिहायचं. वही जमली तर गट नव्वद हजार देईल. त्यात जुन्या मॉडेलचा, वापरलेला फुल-फ्रेम आणि ५०ची एक लेन्स घ्यायची. बिल आणि कॅमेऱ्यावरचा नंबर जुळवून बघायचा. झडप किती वेळा उडालीय ते विचारायचं. लेन्समध्ये विजेरी मारून बुरशीचे धागे दिसतात का ते पाहायचं. आणि हप्ते सारखे ठेवायचे नाहीत. मार्गशीर्ष ते वैशाख मोठे, पावसाळ्यात नुसतं व्याज.

खारी हवा दोन्ही कॅमेऱ्यांची शत्रू आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा ठेवा. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. सुपरझूमचं नळकांडं आत-बाहेर होतं, त्यात वाळू गेली की ते अडकतं, म्हणून वाळूत ठेवू नका. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरून पुसा.

काकींनी शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्या भाच्याचा कॅमेरा वाईट नाही ना?" मी म्हटलं, "नाही काकी. फक्त त्याला हळदीला बोलावू नका." सगळ्या हसल्या, काकीसुद्धा. आणि ठरावावर पहिली सही त्यांनीच केली.

लेकीचं पहिलं काम मार्गशीर्षात आहे, शेजारच्याच गावात. वहीचं पहिलं पान मी आखून दिलंय. तुमच्या गटात कोणी यंत्र मागायला आलं, मग तो कॅमेरा असो, शिलाई मशीन असो की चक्की, तर किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. काम कोणतं, ते कुठल्या वेळी आणि कुठल्या जागी करायचं, आणि हप्ता कोणत्या महिन्यात जड जाईल?

येते मैत्रिणींनो. नमस्कार.